तालुक्याच्या निगेटिव्हना अभिलेखाचा दर्जा द्या

प्रति,
मा. संचालक,
पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई



१८२१ साली मुंबईत सरकारी कागदपत्रांसाठी स्वतंत्र दफ्तरखाना सुरू झाला. त्याचा वारसा आज आपले संचालनालय सांभाळते. या दोनशे वर्षांत राज्याने कागद जपण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली, आणि त्यामुळेच आज जमिनीचे, महसुलाचे, चळवळींचे इतिहास लिहिता येतात. तीच शिस्त आता निगेटिव्हना लागू करावी, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या फोटो स्टुडिओंमध्ये फिल्मच्या काळातल्या ज्या निगेटिव्ह आणि नोंदवह्या अजून शिल्लक असतील, त्यांची पाहणी आपल्या कार्यालयाने करावी, त्या रीतसर ठेव म्हणून स्वीकाराव्यात आणि जतन कराव्यात. फिल्मचे उत्पादन आटले तेव्हा छायाचित्रकाराचे एक साधन गेले, इतकेच आपण समजत आलो. खरे नुकसान त्याहून मोठे आहे. निगेटिव्ह सांभाळून ठेवण्यामागचे व्यापारी कारणच त्या बदलाने संपवले. ज्या वस्तूला बाजारात किंमत उरत नाही आणि सरकारदरबारी दर्जा नसतो, ती टिकत नाही. बाजाराची किंमत परत आणता येणार नाही. दर्जा देणे मात्र आपल्या हातात आहे.

फिल्म कशी मागे हटली, त्याच्या तारखा आधी समोर ठेवतो, कारण पुढचा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. कोडॅकचा अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्येच बनवला होता. पण व्यवसायाचा पाया हलला तो तीस वर्षांनी. २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने छायाचित्रणाच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात निकॉनने आपल्या बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय सांगितला. २००८ मध्ये पोलरॉइडने झटपट फोटोची फिल्म बंद केली. १९३५ पासून चालत आलेली कोडाक्रोम जून २००९ मध्ये बंद झाल्याची घोषणा झाली, आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ज्या एकमेव प्रयोगशाळेत ती धुतली जात होती, तिने डिसेंबर २०१० अखेर नवे रोल घेणे थांबवले. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या देशापुरते पाहिले तर फिल्म ही केवळ परदेशी कंपन्यांची गोष्ट नव्हती. केंद्र सरकारने १९६० मध्ये उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन केली, १९६७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाने तिची फिल्म व कागद देशभर विकला गेला. १९९० च्या दशकात ती आजारी उद्योग ठरली आणि पुढे बंद पडली. म्हणजे एकेकाळी फिल्म ही देशाने स्वतः बनवावी इतकी आवश्यक वस्तू आहे, असे शासनाचेच मत होते. मग त्या फिल्मवर जे टिपले गेले, त्याच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण शासनाकडे उरत नाही.

आता तालुक्याच्या ठिकाणचा स्टुडिओ पाहू. कृष्णधवल काळात तो एक छोटा कारखानाच होता. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो यायचे, ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. डार्करूममध्ये रोल धुणे, हायपोत पक्का करणे, वाळल्यावर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग काढणे, एनलार्जरखाली कागदाला नेमका उजेड देणे, ही सगळी कामे एकाच माणसाच्या हाताला यावी लागत. रंगीत फिल्म आली तेव्हा या कौशल्याचा पहिला तुकडा तालुक्याबाहेर गेला. रंगीत रोल धुण्याच्या रसायनाला अडतीस अंश सेल्सिअसचे काटेकोर तापमान लागते, त्यासाठी यंत्र लागते, आणि ते यंत्र कल्याण-ठाण्याच्या लॅबमध्ये असे. शहापूरचा रोल आसनगावहून लोकलने जाई, मुरबाडला रेल्वे नसल्याने तिथला एसटीने. तरीही स्टुडिओवाल्याकडे एक भांडवल उरत होते: निगेटिव्ह. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर असे. नंबर सांगितला की दहा वर्षांनीही नवी कॉपी मिळे. घरातला माणूस गेला की भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोसाठी लोक याच नंबराने परत येत. त्यासाठी पाकिटे क्रमाने लावलेली असत, वहीत नाव, गाव, तारीख लिहिलेली असे. हे सारे धंद्यासाठी होते, पण परिणामाने ते अभिलेखागारच होते. वर्गीकरण, क्रमांक, सूची या तुमच्या शास्त्रातल्या तिन्ही गोष्टी त्यात होत्या.

डिजिटल कॅमेऱ्याने हा पाया काढून घेतला. जुन्या फोटोचा स्कॅन करून कॉपी काढता येऊ लागली, तेव्हा निगेटिव्हच्या नंबरासाठी परत येण्याची गरज संपली. लग्नाची ऑर्डर करिझ्मा अल्बम आणि पेनड्राइव्ह देऊन पुरी होऊ लागली आणि फाइली पुढच्या कामासाठी जागा करायला पुसल्या जाऊ लागल्या. पासपोर्ट फोटोचा हमखास धंदाही आटला. आधारचा पहिला क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्या नोंदणीत फोटो केंद्रावरच्या कॅमेऱ्याने काढला जातो, स्टुडिओच्या पायरीवर जावे लागत नाही. नंतर मोबाइल आला. या बदलात कोणाचा कट नव्हता, आणि स्वस्त फोटो गरिबाच्या हाती आला ही चांगलीच गोष्ट झाली. पण स्टुडिओवाल्याच्या कपाटातली पाकिटे एका रात्रीत भांडवलाची अडगळ झाली. दुकानाचे भाडे वाढले, मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढायचे ठरवले, की सर्वात आधी तीच पाकिटे बाहेर निघणार. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारातही तिला थोडे मोल येते. जी जाळणे आणि विकणे दोन्ही कायदेशीर आहे, अशा या वस्तूला वाचवण्याची कोणाचीही जबाबदारी आज नाही.

ही जबाबदारी सार्वजनिक का मानावी, हा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर या निगेटिव्हमध्ये कोण आहे, यात आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या इथल्या आदिवासी समाजांबद्दल सरकारने दीडशे वर्षे लिहिले आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांच्या जातीजमातींची वर्णने आहेत. त्याआधी, १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत वसाहतीच्या सरकारने माणसांचे फोटो त्यांचे ‘प्रकार’ दाखवण्यासाठी छापले. तिथे उभे राहायचे कसे, हे फोटोतला माणूस ठरवत नव्हता. तालुक्याच्या स्टुडिओत तो ठरवत होता. पैसे त्याचे, कपडे त्याने निवडलेले, शेजारी कोण उभे राहणार ते त्याच्या मनाचे. ज्या समाजाने स्वतःविषयी फारसे लिहून ठेवले नाही, त्याने आपल्याला कसे पाहिले जावे असे वाटत होते, याचा पुरावा या पाकिटांत आहे. सगळ्यांना फोटो परवडत होता असे मी म्हणत नाही. पुष्कळ जण फक्त एखाद्या सरकारी कागदासाठीच कॅमेऱ्यापुढे आले. पण त्या एका फोटोखेरीज त्यांची दुसरी कसलीच प्रतिमा नसेल, तर त्या निगेटिव्हचे मोल वाढते, घटत नाही.

दुसरे उत्तर या भूमीत आहे. १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाल्यापासून शहापूर मुंबईला पाणी देत आला आहे. पुढे भातसा झाले. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग आज एकट्या भातशातून जातो. मुरबाडच्या बाजूला बारवी धरणाने आणि त्याची उंची वाढवल्याने गावे हलली. ते पाणी उद्योगांना आणि कल्याणपासूनच्या वाढत्या शहरांना मिळाले. आता समृद्धी महामार्गही शहापुरातून गेला आहे. या प्रकल्पांची सरकारी बाजू आपल्या दफ्तरांत आहे: नकाशे, मोजणी, निवाडे, पत्रव्यवहार. बुडालेल्या गावाची बाजू कुठे आहे? लग्नाच्या मांडवामागे दिसणारे घर, देवळासमोरचे पटांगण, शाळेच्या गटफोटोतली मुले, म्हसोबाच्या जत्रेतला बैलबाजार, सिद्धगडावर २ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वाहिलेली आदरांजली, हे सारे टिपण्यासाठी कोणी सरकारी छायाचित्रकार नेमलेला नव्हता. बोलावले जायचे ते तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला. विस्थापनाचा इतिहास फक्त भूसंपादनाच्या फायलींवरून लिहिला, तर तो विस्थापन करणाऱ्याच्याच शब्दांत लिहिला जाईल.

तिसरे उत्तर कायद्याचे आहे आणि ते सर्वात निकडीचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. वर दिलेल्या तारखा पुन्हा पाहाव्यात. हा दिवस नेमका फिल्मच्या शेवटच्या वर्षांत येतो. त्या दिवसापर्यंतच्या घराचे, बांधाचे, विहिरीचे किंवा शेतातल्या माणसांचे चित्र कुठे असेलच, तर ते बहुतांशी फिल्मवर असणार, मोबाइलमध्ये नाही. कायद्याच्या नियमांत घरे, झोपड्या, सपाटीकरण, बांध अशा प्रत्यक्ष खुणा पुरावा म्हणून मोजल्या आहेत. एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे सांगितले आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा आग्रह धरू नये असेही म्हटले आहे. त्याच दुरुस्तीनुसार उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. मग आकाशातून काढलेले चित्र शासन जपून ठेवते आणि जमिनीवरून काढलेले रद्दीत जाऊ देते, यात न्याय कुठला? जुन्या फोटोने एकट्याने दावा सिद्ध होणार नाही, हे उघड आहे. फोटोवर तारीख नसते, जागा ओळखावी लागते. पण म्हणूनच तर निगेटिव्हबरोबर स्टुडिओची वही हवी. नंबर, नाव, गाव आणि तारीख एकत्र राहिली तर चित्राला आधार मिळतो. वही गेली की तो तुटतो. वयोवृद्धांच्या जबाबाला अशा चित्राची जोड मिळाली, तर त्या जबाबाचे वजन वाढते.

या मागणीवर चार आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, फिल्म काही मेली नाही. कोडॅकने २०१२ मध्ये थांबवलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा आणली, फुजीने ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म २०१८ मध्ये बंद करून २०१९ मध्ये नव्या रूपात परत आणली, शहरांतली तरुण मुले फिल्मवर फोटो काढू लागली आहेत. या गोष्टी खऱ्या आहेत आणि आनंदाच्या आहेत. पण हे पुनरागमन हौसेचे आहे, महागडे आहे, आणि ते तालुक्याच्या स्टुडिओपर्यंत पोहोचत नाही. शिवाय नवी फिल्म पुन्हा बनू शकते, जुनी निगेटिव्ह पुन्हा बनू शकत नाही. उत्पादन सुरू झाल्याने जतनाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप : लोकांच्या घरी अल्बम आहेत, ते मोबाइलने टिपून घेता येतील, निगेटिव्हचा आग्रह कशाला? घरचे अल्बम गोळा करावेत, जरूर करावेत. पण कागदावरचा फोटो ही निगेटिव्हची एक कापलेली, घासलेली, कधी रंग उडालेली प्रत असते. कडेला उभा असलेला माणूस, मागची भिंत, पायाखालची जमीन हे छापताना बाहेर गेलेले असते. निगेटिव्हमध्ये ते शाबूत असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या घराचे पत्रे दर पावसाळ्यात गळतात किंवा जे कुटुंब वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातले काही महिने बाहेर असते, त्याच्याकडे अल्बम टिकलेला नसतो. ज्यांच्याकडे काहीच उरले नाही, त्यांच्यासाठी स्टुडिओची प्रत ही शेवटची आशा आहे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे : या खासगी माणसांच्या खासगी प्रतिमा आहेत, त्या सरकारच्या हवाली कशा करायच्या? कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या सतराव्या कलमानुसार एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणाऱ्याचा असतो. फिल्मचा तुकडा मात्र छायाचित्रकाराच्या ताब्यात राहतो. म्हणजे दोघांपैकी कोणालाही डावलून चालणार नाही. माझी मागणी म्हणूनच ‘ताब्यात घ्या’ अशी नाही, ‘ठेव म्हणून स्वीकारा’ अशी आहे. वस्तूची मालकी छायाचित्रकाराकडे राहावी, त्याला योग्य मोबदला मिळावा, आणि चित्र लोकांसमोर मांडण्याआधी फोटोतल्या माणसाची किंवा त्याच्या वारसाची संमती घ्यावी. जतन करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दफ्तरातही कितीतरी कागद जपलेले असतात, पण लगेच खुले नसतात. विशेषतः आदिवासी स्त्रियांच्या आणि मुलांच्या चित्रांबाबत हा नियम कडकपणे पाळला गेला पाहिजे. एकदा बाहेरच्यांच्या नजरेने मोजल्या गेलेल्या समाजाला पुन्हा प्रदर्शनात मांडायचे असेल, तर हे काम न केलेलेच बरे. सूची उघडी ठेवावी, चित्र मात्र संमतीनेच उघडावे. आणि ज्याचे चित्र आहे, त्याला एक प्रत मोफत मिळावी.

चौथा आक्षेप खर्चाचा. निगेटिव्ह असंख्य असतील, सगळ्या कशा सांभाळणार? पहिली गोष्ट, सगळ्या उरलेल्या नाहीत; उशीर करू तितका हा खर्च आपोआप कमी होत जाईल, आणि तेच तर रोखायचे आहे. दुसरी गोष्ट, सुरुवातीचा टप्पा स्वस्त आहे : पाहणी, यादी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून आम्लरहित कागदी पाकिटांत ठेवणे आणि कोरडी, थंड जागा. स्कॅनिंग निवड करून, टप्प्याटप्प्याने होऊ शकते. हे काम अशक्य नाही, याचे दाखले आहेत. तमिळनाडूतल्या जुन्या फोटो स्टुडिओंचे संग्रह पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने डिजिटल रूपात आणले. काठमांडूमध्ये २०११ पासून नेपाळ पिक्चर लायब्ररी सामान्य कुटुंबांचे आणि छायाचित्रकारांचे फोटो गोळा करते आहे. आपल्याकडे फिल्म जतनाचे ज्ञान पुण्यातच आहे : १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला तापमान नियंत्रित कोठारांचा अनुभव आहे, आणि जानेवारी २००३ मध्ये तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, त्या धड्याचाही. बाहेरच्या देशाच्या संस्थेने येऊन आपल्या तालुक्यांचे फोटो वाचवावेत, याची वाट महाराष्ट्राने पाहू नये.

घाई का, तेही सांगतो. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदीची प्रतिमा चिवट असते, पण तिच्याखालचा ॲसिटेटचा पट्टा तसा नसतो. उष्णता आणि दमटपणा यांत तो हळूहळू विघटित होतो, व्हिनेगरसारखा वास सुटतो, पट्टा आक्रसतो, प्रतिमेचा थर सुरकुततो. आणि एकदा ही क्रिया सुरू झाली की बाहेर पडणारे आम्ल तिलाच आणखी वेग देते. एकवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रतेतही ताज्या ॲसिटेटला हा रोग लागायला साधारण चाळीस-पन्नास वर्षे पुरतात. शहापूर-मुरबाडमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली उभे राहवत नाही. इथे ती मुदत कितीतरी कमी आहे. जिलेटिनवर बुरशी चढते, रंगीत निगेटिव्हमधले रंग उतरतात. त्यातच डार्करूममध्ये काम केलेले शेवटचे छायाचित्रकार आता वृद्ध झाले आहेत. कोणत्या पाकिटात काय आहे, कोणता नंबर कोणत्या वहीतला, हे त्यांनाच वाचता येते. निगेटिव्ह उरली आणि तो माणूस गेला, तर उरेल ते अनोळखी चेहऱ्यांचे गाठोडे.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. येत्या आर्थिक वर्षात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत प्रायोगिक पाहणी करावी. दोन्ही नगरपंचायती, तहसील कार्यालये, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प यांच्यामार्फत चालू आणि बंद पडलेल्या स्टुडिओंना आवाहन करावे की, निगेटिव्ह आणि नोंदवह्या टाकण्यापूर्वी कळवावे. छायाचित्रकारांशी करायच्या ठेव-कराराचा सोपा मराठी मसुदा तयार करावा. ज्यांनी त्या निगेटिव्ह धुतल्या, त्यांनाच ओळख पटवण्याच्या कामावर मानधन देऊन नेमावे आणि स्थानिक महाविद्यालयांतील मुलांना त्यांच्या हाताखाली सूची करायला शिकवावे. यात त्या छायाचित्रकाराच्या कौशल्याला उशिरा का होईना, सार्वजनिक मान मिळेल. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याचा भर सरकारी अभिलेखांवर आहे. खासगी स्टुडिओंच्या संग्रहासाठी स्वतंत्र शासन निर्णय लागत असेल, तर तसा प्रस्ताव आपण सांस्कृतिक कार्य विभागाकडे पाठवावा. आणि वनहक्क दाव्यांच्या सुनावणीसाठी कोणाला अशा चित्राची प्रमाणित प्रत हवी असेल, तर ती विनाशुल्क देण्याची तरतूद त्यातच करावी.

बाजाराने फिल्म सोडली, हा बाजाराचा हक्क होता. छायाचित्रकाराने पाकिटे टाकली, तर तोही दोषी नाही. पोट भरणाऱ्या वस्तूलाच दुकानात जागा देणे त्याला परवडते. ज्या वस्तूतून नफा नाही पण ज्यावर समाजाचा हक्क आहे, ती सांभाळण्यासाठीच अभिलेखागारे स्थापन झाली. या पत्राला पाहणीच्या आदेशाने उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील एक नागरिक